पगार : शब्द एक, नातीगोती अनेक

"पगार झाला का?" हा प्रश्न आपल्या घराघरांत दर महिन्याला विचारला जातो. पण हा शब्द मूळचा मराठी नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? स्पेनमधल्या कुठल्याही दुकानात तो ऐकू येईल. स्पॅनिश भाषेत 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. भाडे असो, बिल असो की कर्ज, सगळे 'पगार'च करायचे!

आपल्याकडे तो आला स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीकडून, पोर्तुगीजकडून. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. वसई १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. पाव, बटाटा, साबण, चावी यांच्यासोबत पगारही मराठीत मुरला.

या बहिणींची आई लॅटिन. लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांतता आणि 'पाकारे' म्हणजे शांत करणे. दारात उभ्या सावकाराला शांत करायचे तर त्याचे देणे द्यावेच लागते. म्हणून मध्ययुगात 'शांत करणे' याचाच अर्थ 'देणे फेडणे' असा झाला. इटालियन 'पगारे', फ्रेंच 'पेये', इंग्रजी 'पे' ही त्याचीच भावंडे. इंग्रजी 'पीस' आणि पॅसिफिक महासागराचे नाव हेही याच कुळातले. १५२० मध्ये मॅगेलनला तो समुद्र शांत वाटला, म्हणून हे नाव पडले. त्याही मागे गेलो तर मूळ अर्थ 'बांधणे' असा निघतो. संस्कृतातला 'पाश' त्याच मुळाचा, असे भाषातज्ज्ञ मानतात.

स्पॅनिशमध्ये 'पागा' म्हणजे मजुरी. स्पेनमध्ये कामगाराला वर्षाकाठी दोन जादा 'पागा' कायद्यानेच मिळतात, त्यांतली एक नाताळला. आपल्या दिवाळी बोनसची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट!

आम्हांला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिकडे 'पगार' हे देणाऱ्याने करायचे काम आहे. मराठीत मात्र तो घेणाऱ्याच्या हक्काचा शब्द झाला. काम आधी होते, पैसा नंतर मिळतो. म्हणजे महिनाभर मालकच कामगाराचा देणेकरी असतो. १९३६ च्या कायद्याने पगारासाठी पुढील महिन्याच्या सातव्या किंवा दहाव्या दिवसाची मुदत घातली, ती याच देण्याची.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पगार ही कुणाची मेहरबानी नव्हे, ते फेडायचे देणे आहे. मुलांना या शब्दाची गोष्ट सांगताना एवढे जरूर सांगा.