फयानच्या आदल्या साली

नाकाच्या कडेला मसुराएवढी पिवळसर गाठ. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा तांडेल, वय 45. 1 जूनपासून मासेमारी बंद झाली, तेव्हा कुठे ती काढून घ्यायला त्याला सवड मिळाली.

माझ्या प्रयोगशाळेत ती आली फॉर्मलिनच्या बाटलीत. मेणाच्या ठोकळ्यात बसवून 4 मायक्रॉनचे काप काढले, रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फेसाळलेल्या दिसल्या. तैलग्रंथीतली चरबी या प्रक्रियेत विरघळून जाते आणि मागे नुसते बुडबुडे उरतात. सिबेशियस अ‍ॅडिनोमा. गाठ साधीच, पण इतकी विरळ की दिसली की मी घराण्याची चौकशी करतेच. 1967 साली म्यूर यांनी आणि 1968 साली टॉरे यांनी चेहऱ्यावरच्या गाठी आणि पोटातले कॅन्सर एकाच माणसात असल्याचं नोंदवलं. तेच म्यूर-टॉरे सिंड्रोम.

फॉर्मवर 'घरात कॅन्सर : नाही' असं होतं. या 'नाही'वर मी कधीच थांबत नाही. त्याला विचारून त्याच्या घरी गेले.

पडवीत आजी होत्या, त्याची आई. "कॅन्सर नाय आमच्यात, डाक्टरबाई."

"मग सासरे कशानं गेले?"

"पोटान. रगत पडायचा."

दीर? तोही पोटानंच, फयानच्या आदल्या साली. फयान वादळ 2009चं, म्हणजे 2008. नणंदेला 'पिशवीचं दुखणं', पन्नाशीही गाठली नाही. आजींचे यजमान मात्र तरुणपणीच समुद्रात गेले. त्यांच्यात काय होतं हे कळायला वावच राहिला नाही.

मी कागदावर मांडत गेले. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, आजारी तो काळा, गेलेल्यावर तिरकी रेघ. पाऊस कौलांवर वाजत होता आणि कागद काळा होत चालला होता.

गाठीचे काप मुंबईला पाठवले. पेशीची नक्कल होताना डीएनएतल्या चुका सुधारणारी चार प्रथिनं तिथे तपासतात. असतील तर केंद्रकं तपकिरी होतात. एमएलएच1 आणि पीएमएस2 तपकिरी. एमएसएच2, एमएसएच6च्या काचांवर गाठीची केंद्रकं निळीच राहिली. शेजारच्या निरोगी पेशी मात्र तपकिरी, म्हणजे रंग नीट चढला होता. दोष आनुवंशिक असल्याचं शिक्कामोर्तब रक्ताच्या जनुकीय तपासणीनं झालं.

कागदावर त्याच्या दोन मुलींची वर्तुळं कोरी आहेत. दोष उतरण्याची शक्यता प्रत्येकीला निम्मी. हे त्याला सांगताना माझाच आवाज खाली गेला. मग कोलोनोस्कोपीचं सांगितलं: दर एक-दोन वर्षांनी आतडं आतून बघायचं, मोड दिसला की कॅन्सर व्हायच्या आत काढून टाकायचा.

तो बराच वेळ कागद बघत राहिला. म्हणाला, "1 ऑगस्टला बोट सोडायची हाय. त्याच्याआधी करा. आन् मोठीला पण घेऊन येतो."