छायाचित्रावरून दुर्मीळ मोटारींची ओळख : मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

बीजसंज्ञा : स्थानिक इतिहास, हैदराबाद संस्थान, छायाचित्र, चासी, बॉडी, फसली सन

प्रस्तावना :

नांदेड व लातूरचा परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. लातूर त्या काळी उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली संस्थानातील जहागिरी रद्द करण्यात आल्या आणि जहागिरदारी वैभवाच्या वस्तू कालांतराने विखुरल्या. मोटारींच्या बाबतीत तर पुष्कळदा मूळ वस्तू नाहीशी होते आणि मागे उरते ते केवळ एक छायाचित्र. अशा छायाचित्राखाली 'निजामाची रोल्स-रॉइस' एवढी ओळ लिहिली, की ओळख पूर्ण झाली असे मानले जाते. ही ओळ पुढे स्मरणिकेत, तेथून ग्रंथात जाते आणि पुराव्याविना इतिहास बनते. हे टाळण्यासाठी छायाचित्रातील मोटार कशी ओळखावी आणि त्या ओळखीची मर्यादा कोठे मानावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. एक मोटार, दोन कर्ते :

दुसऱ्या महायुद्धापूर्वी उंची मोटारींचे अनेक कारखाने पूर्ण मोटार विकत नसत. इंजिन, चाके, स्प्रिंगा व रेडिएटर यांसह चालता सांगाडा, म्हणजेच चासी, कारखान्याकडून मिळे. तिच्यावर बॉडी बांधण्याचे काम ग्राहकाच्या पसंतीचा बॉडी बांधणारा कारागीर करी. रोल्स-रॉइस कंपनीने कारखान्यातच बॉडी बसविलेली पूर्ण मोटार प्रथम १९४६ साली बेंटले या नावाने दिली. तोपर्यंत तिच्या प्रत्येक मोटारीला दोन कर्ते होते. लंडनच्या बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली या पेढ्या मुळात बग्ग्या बांधणाऱ्या. भारतातही कलकत्त्याची स्टुअर्ट आणि मद्रासची सिम्पसन या कंपन्या हे काम करीत.

हैदराबादच्या सहाव्या निजामाच्या, म्हणजे मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत मागविलेली पिवळी रोल्स-रॉइस याचे उत्तम उदाहरण होय. मागील बाजूस सिंहासनासारखे उंच आसन असलेली तिची बॉडी बार्कर यांनी बांधली. १९११ साली महबूब अली खान यांचे निधन झाल्याने ती मीर उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. ती आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्या ड्यूसेनबर्ग मोटारीची चासी अमेरिकेतील, तर बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांची होती. तेव्हा केवळ रेडिएटर पाहून दिलेले नाव हे फार तर अर्धे उत्तर ठरते.

२. मोटारीपूर्वी छायाचित्राची परीक्षा :

अभ्यासकाने प्रथम छायाचित्र पारखावे, मोटार नंतर. यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

(अ) बाजू : काच किंवा फिल्म उलटी ठेवून छापल्यास चित्र आरशातल्यासारखे उमटते आणि उजवीकडचे सुकाणूचक्र डावीकडे दिसते. एवढ्यावरून मोटार अमेरिकन ठरविली जाण्याचा धोका असतो. नंबरप्लेटवरील अक्षरे किंवा शेरवानीच्या गुंड्यांची बाजू पाहून याची खातरजमा करावी.

(आ) रंग : जुन्या काचा निळ्या प्रकाशाला अधिक आणि तांबड्याला जवळजवळ मुळीच प्रतिसाद देत नसत. परिणामी तांबडा रंग काळसर, पिवळा प्रत्यक्षाहून गडद आणि निळा फिकट उमटे. चित्रात मोटार गडद दिसते म्हणून ती पिवळी नव्हती, असे म्हणता येत नाही.

(इ) सन : संस्थानाचा राज्यकारभार उर्दूत चाले व सरकारी व्यवहारात फसली सन प्रचलित होता. चित्रामागे '१३४०' असा आकडा असल्यास तो कोणत्या सनाचा, हे आधी ठरविले पाहिजे. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळविल्यास वर्षारंभीचा इसवी सन मिळतो. म्हणून १३४० फसली म्हणजे १९३०-३१. तोच आकडा हिजरी मानल्यास १९२१-२२ येतो. हे अंतर नऊ वर्षांचे आहे. रोल्स-रॉइसच्या बाबतीत तेवढ्या काळात सिल्व्हर घोस्टचे उत्पादन बंद पडून फँटम पहिली आणि १९२९ मध्ये फँटम दुसरी आली. एका आकड्याच्या वाचनावर मोटारीचे नाव असे बदलते.

३. मोटारीचे वाचन :

यानंतर चासीकडे वळावे. रोल्स-रॉइसचा रेडिएटर देवळाच्या दर्शनी भागासारखा असतो. डेमलरच्या रेडिएटरच्या माथ्यावर उभ्या पन्हळी, तर बुगाटीचा नालाच्या आकाराचा. पॅकार्डच्या चाकाच्या तुंब्यावरील टोपणात षट्कोन आढळतो. रोल्स-रॉइसची पंखधारी मूर्ती १९११ पासूनची. परंतु ती नंतरही बसविता येते, म्हणून एकट्या मूर्तीवर विसंबू नये.

काळ ठरविताना दिवे व ब्रेक उपयोगी पडतात. मोठे पितळी ॲसिटिलीन दिवे सामान्यतः पहिल्या महायुद्धापूर्वीचे. रोल्स-रॉइसच्या पुढील चाकांना ब्रेक आले ते १९२४ च्या सुमारास. पुढच्या चाकांच्या आऱ्यांमागे ब्रेकचा गोल डबा दिसत असेल, तर एक तर मोटार त्यानंतरची आहे किंवा तिच्यात नंतर बदल झालेला आहे.

बॉडी ओळखणे याहून कठीण. टप संपूर्ण उघडणारा आहे की फक्त मागच्या आसनावरचा, चालकाची जागा उघडी आहे की छताखाली, दारांच्या बिजागऱ्या कोणत्या बाजूस आहेत, मडगार्डची रेषा कोठे संपते, या खुणा क्रमाने नोंदवाव्यात. बार्कर यांनी समोरचे दिवे तरफेने खाली झुकविण्याची योजना केली होती. वेमन पद्धतीच्या बॉडीवर पत्र्याऐवजी कापड ताणलेले असल्याने तिला चकाकी नसते. मात्र पेढ्या परस्परांच्या रचना उचलीत, म्हणून आकारसाम्य हा पुरावा नव्हे, केवळ दिशा होय.

मोजमापाचाही उपयोग होतो, पण बेताने. अगदी बाजूने घेतलेल्या चित्रात चाकाचा व्यास एकक मानून दोन आसांमधील अंतर काढता येते. तथापि फँटम दुसरीच्या आखूड व लांब चासींचे हे अंतर अनुक्रमे १४४ व १५० इंच, म्हणजे फरक अवघा चार टक्के. कॅमेरा थोडा तिरपा असला तरी तो पुसला जातो.

४. नंबरप्लेट, मजकूर व पार्श्वभूमी :

नंबरप्लेट छायाचित्राचा काळ सांगते, मोटारीचा नव्हे. 'एमएच-२६' (नांदेड) वा 'एमएच-२४' (लातूर) अशी प्लेट असल्यास चित्र १९८९ नंतरचे असते, मोटार कितीही जुनी असो. त्याचप्रमाणे चित्रामागे 'जि. लातूर' लिहिले असेल तर तो मजकूर ऑगस्ट १९८२ नंतरचा, कारण जिल्हा तेव्हा अस्तित्वात आला. म्हणजे लिहिणारा प्रत्यक्षदर्शी असेलच असे नाही. बार्शी लाइट रेल्वे लातूरला १९११ साली पोहोचली. मोटारीमागे लातूरचे स्थानक दिसत असेल, तर चित्र त्यापूर्वीचे असू शकत नाही.

५. निश्चितीच्या पायऱ्या :

नोंद करताना 'निश्चित', 'संभाव्य' व 'अनिर्णित' असे तीन दर्जे ठेवावेत. चासी क्रमांक मिळून तो कंपनीच्या नोंदींशी जुळला तरच 'निश्चित' म्हणावे. रोल्स-रॉइसच्या चासीनिहाय नोंदी इंग्लंडमधील रोल्स-रॉइस एन्थुझिॲस्ट्स क्लबकडे जतन केलेल्या आहेत. त्यांत पहिला ग्राहक व बॉडी बांधणारी पेढी यांचा उल्लेख आढळतो. किमान दोन स्वतंत्र खुणा एकाच निष्कर्षाकडे नेत असतील तर 'संभाव्य', अन्यथा 'अनिर्णित'. चासी व बॉडी यांना स्वतंत्र दर्जा द्यावा. 'चासी रोल्स-रॉइस, संभाव्य; बॉडी अनिर्णित' ही नोंद अपुरी वाटली तरी पुढील अभ्यासकास ती खोट्या नावापेक्षा अधिक उपयोगाची असते.

समारोप :

हा विषय केवळ हौसेचा नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांत चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न होता वाहन मूळ स्वरूपात असणे अपेक्षित आहे. हे मूळ स्वरूप दाखविणारा पुरावा अनेकदा घरातील जुन्या छायाचित्राखेरीज दुसरा नसतो.

इतिहासाच्या दृष्टीने प्रश्न याहून मोठा आहे. प्रत्येक जुन्या मोटारीला निजामाचे नाव देण्याने गावोगावचे वकील, डॉक्टर, व्यापारी व अधिकारी यांच्या मोटारी आणि त्या चालविणारे, दुरुस्त करणारे हात इतिहासातून वगळले जातात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशा छायाचित्रांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती करून घ्याव्यात, मागचा मजकूर जसाच्या तसा उतरवावा आणि घरातील वृद्धांकडून चित्रातील माणसांची नावे विचारून ठेवावीत. मोटारीची ओळख उद्याही पटविता येईल. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नाव सांगणारे उद्या असतीलच, असे नाही.