पहिला ठराव, दुसरा ठराव

१२ जुलै २०२१, सकाळचे अकरा. सिन्नर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक विद्यालयाच्या वर्गात चाळीसेक माणसं दाटीवाटी टाळून बसली आहेत. खिडक्या सताड उघड्या. मास्क कुणाच्या नाकावर, कुणाच्या हनुवटीवर. भिंतीवर खडूनं एक ते आठ आकडे लिहिलेले दिसतात. एप्रिल-मेमध्ये हा वर्ग कोरोनाचा विलगीकरण कक्ष होता. ते खाटांचे नंबर.

विषय एकच. पंधरा तारखेपासून आठवी ते बारावीचे वर्ग भरवायचे की नाही? शासनानं निर्णय गावावर सोपवला आहे. सरपंचताई अध्यक्ष, सोबत तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाई, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. मुख्याध्यापक अटी वाचून दाखवतात. गावात महिनाभर एकही रुग्ण नसावा. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर, एका वर्गात पंधरा ते वीस मुलं. जास्त असतील तर आलटूनपालटून बोलवायची.

मागून एक जण उठतात. "माझा भाऊ मे महिन्यात गेला. ऑक्सिजनच्या खाटेसाठी आम्ही नाशकात रात्रभर फिरलो. आता म्हणतात तिसरी लाट पोरांवर येणार. पोरांना लस कुठंय?"

कुणी त्यांना खाली बसवत नाही. या वर्गात बसलेल्या बऱ्याच घरांत मे महिना तसाच गेला आहे.

डॉक्टरबाई हळू आवाजात बोलतात. "मुलांना लस नाही, हे खरं. म्हणून शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसानं ती घेतलेली हवी. पण दादा, मुलं आज घरात आहेत का? मी येताना पाहिलं, टोमॅटोच्या लागवडीला टेम्पोत उभी राहून चालली होती. एका टेम्पोत पंचवीस."

आता बायकांच्या बाजूनं आवाज येतो. मजुरीला जाणारी आई आहे. आधी बसूनच बोलते, मग उभी राहते. "मोबाईल एकच, तो ह्यांच्यासंगं जातो. रातच्याला घरी येतो तवा रिचार्ज संपलेला. पोरगी नववीत आहे. तिच्या वर्गातल्या एकीचं लगीन लागलं मे महिन्यात, दहा माणसांत, खर्च नाही म्हणून. आता आमच्या दारी पण माणसं विचारायला येतात. शाळा चालू असली की सांगता येतं, शिकतीय अजून. आता काय सांगू?"

तलाठी वहीतून मान वर काढतात. मी लिहायचं थांबतो. गेले सोळा महिने आपण एकाच धोक्याची मोजणी करतो आहोत. रोजचे रुग्ण, रोजचे मृत्यू. ती मोजायलाच हवी. पण बंद शाळेतही मुलांचं नुकसान होतं आणि त्याचा आकडा संध्याकाळच्या बातम्यांत येत नाही. या बाईनं तो आज भर सभेत मांडला आहे.

ती अजून उभीच आहे. "आणि धाकटा? तिसरीत आहे."

"शासन निर्णय आठवीपासून पुढचा आहे, ताई," मुख्याध्यापक सर म्हणतात. त्यांचाही आवाज उतरतो. धाकट्याची पहिली २०२० च्या मार्चमध्ये अर्धवट तुटली. दुसरीत तो शाळेत बसलाच नाही. वर्ग दोनदा वर गेला, अक्षरं होती तिथंच राहिली. अझीम प्रेमजी विद्यापीठानं जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांत दुसरी ते सहावीची मुलं तपासली. ९२ टक्के मुलं भाषेतलं किमान एक कौशल्य विसरली होती. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण सर म्हणतात, "आमच्याकडं वेगळं नसणार. मोठी पोरं पुस्तक घेऊन बसू तरी शकतात. वाचायलाच न शिकलेलं पोर एकटं काय करील?"

सरपंचताई ठराव मांडतात. त्यात दोन वाक्यं सभेतून वाढतात: नाशिकहून ये-जा करणारे शिक्षक शक्यतो गावात राहतील, एक जरी रुग्ण सापडला तरी त्याच दिवशी वर्ग थांबतील. हात वर होतात. भाऊ गमावलेले दादा हात वर करत नाहीत. "माझा विरोध लिहा," म्हणतात. ग्रामसेवक लिहितात. दादांच्या मुलाला संमतीशिवाय कुणी बोलावणार नाही, हेही लिहितात. मला हे फार मोलाचं वाटतं. भीती बाळगणाऱ्याला इथं कुणी अडाणी ठरवत नाही आणि त्याच्या भीतीपायी सगळ्यांची शाळाही अडत नाही.

मग सरपंचताई म्हणतात, "दुसरा ठराव घ्या. पहिली ते सातवीचे वर्गही याच अटींवर भरवायला परवानगी मिळावी, अशी जिल्हा परिषदेला विनंती. सूचक मी. अनुमोदक?"

धाकट्याची आई हात वर करते. ग्रामसेवक तिचं नाव विचारून घेतात.

शाळा उघडायला हव्या होत्या, अटी पाळून उघडायला हव्या होत्या आणि सुरुवात लहानांपासून व्हायला हवी होती. आपण मात्र वरच्या वर्गांपासून सुरू केलं. या गावाला ती चूक दिसली आणि त्यानं ती कागदावर आणली. पहिल्या ठरावाला शासनाची मुभा होती. दुसऱ्याला नव्हती, म्हणून तो आधी वाचला जायला हवा होता.