आशाताईंच्या आधीची गोष्ट

दुपारची जेवणं उरकून जरा पाठ टेकावी म्हटलं, की दारात आशाताई उभ्या. "सूनबाईंना कितवा लागला? गोळ्या घेतात ना वेळेवर?" वहीत नोंद करायची आणि पुढचं घर गाठायचं. माढ्यात काय नि कुर्डुवाडीत काय, हे आता आपल्या ओळखीचं झालंय. आशा योजना आली २००५ साली. पण गावातल्याच बाईच्या हाती गावाचं आरोग्य सोपवायचं, हे आपल्या जवळच, करमाळ्याच्या पलीकडे जामखेडला, कितीतरी आधी करून दाखवलं होतं डॉ. मेबल आरोळे आणि त्यांचे पती डॉ. रजनीकांत यांनी.

मेबल यांचा जन्म १९३५ चा. वडील जबलपूरला ख्रिस्ती धर्मशास्त्राचे प्राध्यापक. शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. १९६० मध्ये रजनीकांत यांच्याशी लग्न झालं, तेव्हाच दोघांनी ठरवलं, की खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं. पुढे नगर जिल्ह्यातल्या वडाळा मिशन हॉस्पिटलात त्यांनी पाहिलं, की पेशंट बरा होऊन घरी जातो आणि तोच आजार घेऊन परत येतो. कारण घरी पाणी तेच गढूळ आणि पोटाला अन्न अपुरंच.

१९७० मध्ये ते जामखेडला आले. लगेच दुष्काळ पडला. तेव्हा हातपंप घेताना जागा मुद्दाम दलित वस्तीत निवडल्या. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथे यायचं! औषधाइतकंच हेही काम महत्त्वाचं, असं ते मानत.

सुरुवातीला त्यांनी गावोगाव नर्स पाठवल्या, पण ते काही जमलं नाही. मग गावानेच आपली एक बाई निवडायची, असं ठरलं. निवडलेल्या बऱ्याच जणी निरक्षर, काही दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. घरात ज्यांना कोणी विचारत नव्हतं, अशा बायका जामखेडला येऊन एकत्र राहायच्या, एका पंगतीत जेवायच्या आणि बाळंतपण, जुलाब, लसीकरण असं सगळं शिकायच्या. मेबलबाई त्यांना नुसत्या गोळ्या वाटायला शिकवत नव्हत्या. "मलाही कळतं," हा विश्वास त्यांना देत होत्या.

१९७१ मध्ये त्या भागात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या काही वर्षांतच हा आकडा झपाट्याने खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये तर मुक्ताबाई पोळ ही जामखेडची आरोग्यसेविका थेट वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलून आली. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, पण त्यांच्या कामाचं मोल देशाला पटलं होतं.

आज मात्र मनात येतं, आपण त्या विश्वासाचं काय केलं? आशाताईंना पगार नाही, मानधन मिळतं. ते वाढावं म्हणून २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशाताईंना संपावर जावं लागलं. सरकारचं सरकार बघेल, पण आपल्या उंबऱ्यावर आपलं राज्य आहे ना? मैत्रिणींनो, उद्या त्या दारात आल्या, तर तिथूनच उत्तर देऊन पाठवू नका. "या, बसा," म्हणा. कपभर चहा द्या. आणि सांगतील ते नीट ऐका. त्यांच्या शिकण्यातच आपल्या लेकी-सुनांचा जीव आहे.