दवाखान्याची जागा

आरोग्याचा विषय निघाला की आपण डॉक्टर, खाटा आणि औषधे यांविषयी बोलतो. जमिनीविषयी क्वचितच कोणी बोलतो. वास्तविक, दवाखान्याची जागा वेळेवर राखून ठेवली नाही, तर पुढे पैसा असूनही तो हवा तेथे उभा राहत नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्याच उदाहरणाने ही गोष्ट उलगडून पाहावी, असा आमचा विचार आहे.

येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय म्हणजे आपली 'घाटी'. जालना, बीड, बुलढाण्यापर्यंतचे रुग्ण तेथे येतात. अशी मोठी संस्था एकाच ठिकाणी असणार, हे उघड आहे. परंतु साध्या तापासाठी किंवा गरोदरपणातील तपासणीसाठीही सर्वांनी तेथेच धाव घेतली, तर अत्यवस्थ रुग्णाला उशीर होतो आणि वाळूजकडून येणाऱ्या मजूर बाईचा दिवस बुडतो. औषध स्वस्त मिळाले तरी रोजगार जातो, हा हिशेब कोणी मांडत नाही.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने २०१३ साली साधारण ५०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे प्रमाण ठरविले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती. म्हणजे तेव्हाच्याच वस्तीला तेवीस-चोवीस केंद्रे हवीत. पण ती सगळी जालना रस्त्याच्या आसपास उभारली, तर आकडा पुरा होईल, न्याय होणार नाही. खाजगी दवाखाना गिऱ्हाईक पाहून जागा निवडतो. त्यात त्याचा दोष नाही. म्हणूनच जेथे तो जात नाही, तेथे सार्वजनिक जागा आधी लागते.

आपले शहर दोन रीतींनी वाढले. सिडकोने आधी जमीन घेतली, मग आखणी केली. त्यामुळे शाळा, बाग, दवाखाना यांना भूखंड काढता आले. गुंठेवारीत उलट झाले. शेताचे तुकडे पडले, एका-एका गुंठ्यावर, म्हणजे १,०८९ चौरस फुटांवर, घरे उठली. २००१ च्या कायद्याने ती नियमित करण्याची वाट काढली. पण दवाखान्यासाठी न सोडलेली जागा कायद्याने कोठून आणावी?

विकास आराखड्यात आरक्षण टाकले म्हणजे काम झाले, असाही समज आहे. आरक्षण हे एस.टी.च्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखे आहे. येऊन बसले नाही, तर जागा जाते. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण उठते. मालकाला जन्मभर टांगून ठेवू नये, हे योग्यच. तेव्हा आरक्षणाबरोबर जमिनीच्या मोबदल्याची तरतूदही अंदाजपत्रकात हवी.

नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती व सूचनांसाठी मुदत असते. आपल्या घरावरून रस्ता जातो की काय, एवढेच पाहून आपण नकाशा मिटतो. आमची विनंती एवढीच, की तो मिटण्यापूर्वी आपल्या वस्तीचा दवाखाना कोठे दाखविला आहे, आणि दिवस भरत आलेल्या बाईला तेथवर किती चालावे लागेल, हेही पाहावे. आणि उत्तर पटले नाही, तर मुदतीच्या आत लेखी कळवावे.