तुमचा आवाज कोणाचा?

पडद्याआडून कोणी बोलले तरी केवळ आवाजावरून तुम्ही माणूस ओळखता. असे का होते बरे? स्वरतंतूंची लांबी, घसा, तोंड व नाक यांतील पोकळ्यांचा आकार आणि बोलण्याची लकब प्रत्येकाची निराळी असते. म्हणून आवाज ही सहीसारखी खूण ठरते.

आता ही खूण यंत्रालाही उचलता येते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा एका प्रणालीची माहिती प्रसिद्ध केली. सुमारे ६०,००० तासांच्या इंग्रजी बोलण्यावरून ती मानवी आवाजाची घडण शिकली होती. त्यामुळे नव्या माणसाची वैशिष्ट्ये टिपायला तिला अवघ्या ३ सेकंदांचा नमुना पुरे. मग त्याने कधीही न उच्चारलेले वाक्य ती त्याच्याच आवाजात ऐकवू शके!

हे तंत्र वाईटच आहे काय? नाही. घशाच्या कर्करोगामुळे आवाज गमावलेल्या व्हॅल किल्मर या अमेरिकन नटासाठी २०२१ मध्ये, त्याच्या संमतीने, जुन्या ध्वनिमुद्रणांवरून त्याचा आवाज पुन्हा घडवण्यात आला. उलट, गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची विनापरवाना नक्कल होऊ लागली, तेव्हा जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला अंतरिम मनाई केली. तंत्र तेच, फरक संमतीचा.

म्हणून कोणाचाही आवाज त्याला विचारल्यावाचून इतरांना पाठवू नका. ओळखीच्या आवाजात कोणी घाईघाईने पैसे मागितले, तर फोन ठेवा आणि त्या व्यक्तीच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करून घ्या. कोऱ्या कागदावर आपण सही देत नाही. आवाजही तितकाच जपायला हवा.