नकाशे रेखाटणारा दर्यावर्दी

समुद्रावर वाट आखलेली नसते. किनारा दृष्टीआड झाला की खलाशाला सूर्य, तारे, होकायंत्र आणि नकाशा यांचाच आधार उरतो. नकाशातील लहानशी चूकही जहाजाला खडकावर नेऊ शकते. म्हणूनच कोकण किनाऱ्याचे नकाशे रेखाटणारा पोर्तुगीज नौदल अधिकारी दों जुआंव द कास्त्रो याची कामगिरी जाणून घेण्यासारखी आहे.

कास्त्रोचा जन्म १५०० मध्ये लिस्बन येथे झाला. १५३८ मध्ये तो जलमार्गाने गोव्यास आला. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, यावरून रेखांश ओळखता येतात, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. कास्त्रोने ती जशीच्या तशी स्वीकारली नाही. सूर्यामुळे पडणाऱ्या सावलीवरून तो खरी उत्तर दिशा निश्चित करी आणि सुईची दिशा तिच्याशी ताडून पाही. १५३८ ते १५४१ या काळात अशी चाळीसहून अधिक निरीक्षणे करून त्याने ती समजूत खोटी ठरविली. मोझांबिक येथे जवळच्या तोफेमुळे सुई ढळते, हेही त्याच्या ध्यानात आले.

१५३८-३९ मध्ये त्याने गोव्याहून दीवपर्यंत प्रवास केला. वाटेतील बंदरे, खाड्या, खडक व पाण्याची खोली यांच्या नोंदी करून त्याने बंदरांची चित्रे रेखाटली. घारापुरीच्या लेण्यांचेही वर्णन लिहिले. वसईजवळ सुई अनपेक्षितपणे ढळली, तेव्हा तेथील खडक हे त्याचे कारण असावे, असे त्याने अनुमान काढले. कोकणातील काळ्या बेसॉल्ट खडकात लोहयुक्त चुंबकीय खनिजे असतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. १५४१ मध्ये तो तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत गेला आणि त्या किनाऱ्याचेही नकाशे त्याने तयार केले.

मात्र हे ज्ञान केवळ जिज्ञासेपोटी मिळविलेले नव्हते. ज्याच्या हाती किनाऱ्याचा नकाशा, त्याच्या आरमाराला तो किनारा खुला होई. १५४५ मध्ये कास्त्रो पोर्तुगीज सत्तेचा गव्हर्नर झाला. ज्या दीव बंदरापर्यंत त्याने किनाऱ्याची पाहणी केली होती, तेथेच १५४६ मध्ये त्याने गुजरातच्या सुलतानाच्या सैन्याचा पराभव केला. १५४८ मध्ये गोव्यात त्याचे निधन झाले.

ज्ञान कोणाच्या हाती आहे, यावर त्याचा उपयोग ठरतो. परंतु ते ज्ञान खरे की खोटे, हे मात्र निरीक्षणच ठरविते. साधनावरही आंधळा विश्वास न ठेवता ते पारखून घ्यावे, हा कास्त्रोच्या कार्याचा बोध आहे.